कप्पेसाहेबांची जीप आणि बाईंची सीट

पंप बनवणाऱ्या कारखान्याच्या स्टोअरमध्ये सगळी नोकरी काढलेल्या माणसाला निवृत्तीनंतर काय हवं असतं, असं कुणी कप्पेसाहेबांना विचारलं असतं, तर "एक स्टोअर" असंच उत्तर आलं असतं. कुणी विचारलं नाही. म्हणून त्यांनी जीप घेतली.

जीप जुनी होती. उंच, चारही चाकांना जोर मिळणारी, दगडधोंड्यांत आणि नदीपात्रात घालायची. आधीच्या मालकाने ती इतकी हाणली होती की पोटाखालचा पत्रा चुरगळलेल्या कागदासारखा दिसे. कप्पेसाहेबांनी इंजिन पाहिलं नाही, टायर पाहिले नाहीत. मागचं दार उघडलं, आत डोकावले आणि बराच वेळ तसेच उभे राहिले. एवढी जागा, आणि तिच्यात एकही कप्पा नाही. त्यांनी तिथल्या तिथे व्यवहार ठरवला.

कप्पेसाहेब हे नाव कारखान्यातल्यांनी ठेवलेलं. स्टोअरमध्ये त्यांची एक पद्धत होती. भिंतीवरच्या फळीवर प्रत्येक हत्यार ठेवून त्याच्याभोवती पांढऱ्या रंगाची रेघ मारायची. पाना जागेवर नसला की त्याची पांढरी आकृती भिंतीवरून सगळ्यांकडे बघत बसे, आणि ज्याने तो नेला असेल तो निमूटपणे आणून लावी. लग्नानंतर ही पद्धत त्यांनी घरात आणली. स्वयंपाकघराच्या भिंतीवर झाऱ्याची आकृती आली, कात्रीची आली, मोरीत कंगव्याची आली. बायकोने महिनाभर पाहिलं आणि एका दुपारी ओला कपडा घेऊन सगळं पुसून टाकलं. त्या दिवसापासून घर तिचं आणि मागची शेड यांची, अशी वाटणी झाली आणि संसार सुरळीत चालला.

बायको म्हणजे ड्रायव्हिंग स्कूलच्या बाई. सगळं गाव त्यांना बाईच म्हणे. गावातली निम्मी माणसं त्यांच्याकडे गाडी शिकलेली आणि उरलेल्या निम्म्यांना त्यांनी नापास केलेलं. बाई ठेंगण्या. बसायला उशी लागे, सीट पार पुढे ओढावी लागे. पण त्यांचं कामच असं, की चालवायचं दुसऱ्याने आणि यांनी शेजारी बसून पायाखालच्या जादा ब्रेकवर पाय ठेवायचा. त्याच चार रस्त्यांवरून, त्याच वळणांवरून. शेजारचा शिकाऊ कधी क्लच सोडेल आणि गाडी कधी दुकानात शिरेल याच्यावर डोळा ठेवून. बाहेर काय आहे ते त्यांनी आरशातच काय ते पाहिलं.

म्हणून जीप आली तेव्हा त्यांनी एकच गोष्ट मागितली होती. दातांच्या डॉक्टरांचा एक गट दरवर्षी जीपा घेऊन नदीपात्रातून वर पठारावर जातो. पठाराच्या टोकावरून दोन्ही बाजूंच्या दऱ्या दिसतात म्हणे. एकदा मला तिथे न्या. मी शेजारी बसेन, पायाखाली ब्रेक नको, आणि खिडकीतून बघत जाईन. कप्पेसाहेब हो म्हणाले. मनापासून म्हणाले. फक्त आधी सामानाची जरा व्यवस्था लावतो, असंही म्हणाले, आणि या वाक्याकडे बाईंनी तेव्हा नीट लक्ष दिलं नाही.

पहिल्या वर्षी मागची सीट गेली. तिच्या जागी प्लायवूडचे खण आले. एकात हत्यारं, एकात दोर आणि ओढायचे पट्टे, एकात शेगडी आणि भांडी. प्रत्येक खणात वस्तूची आकृती कोरलेली आणि वस्तू त्या आकृतीत बसवलेली. जॅक असा बसला की तो तिथेच जन्मला असावा. डॉक्टरांचा गट त्या वर्षी पठारावर जाऊन आला. कप्पेसाहेब गेले नाहीत, कारण औषधांचा खण उघडताना कुरकुरत होता.

दुसऱ्या वर्षी खणांवर फळी टाकून झोपायचा माळा झाला. माळा आणि छत यांच्यामध्ये गाद्या आणि तंबू. त्याही वर्षी जाणं झालं नाही. या वेळी कुरकुर नव्हती, पण फावड्याची जागा डावीकडे की उजवीकडे याचा निर्णय लागत नव्हता आणि फावड्याचा निर्णय लागल्याशिवाय कुदळीचा लागत नाही.

बाईंचा धाकटा भाऊ वेल्डर. गेट, ग्रिल, जिने करणारा. खणांची लोखंडी चौकट त्यानेच जोडलेली. तो ताईला म्हणायचा की भावोजींनी गाडी घेतलेली नाही, कपाट घेतलंय आणि त्याला चाकं आहेत ही तक्रारीची बाब आहे. गमतीचा भाग असा, की चाकंही फिरत ती बाईंच्याच पायाने. शेड अरुंद. रोज सकाळी बाई कामावर जाताना जीप बाहेर अंगणात काढून देत, संध्याकाळी आल्या की आत लावत. कप्पेसाहेबांना गाडी चालवता येत होती, परवानाही होता, पण त्यांचा सगळा व्यवहार मागच्या दाराने चाले. पुढे काय आहे ते त्यांनी कधी पाहिलं नाही.

तिसऱ्या वर्षी वजनाचा प्रश्न आला. कप्पेसाहेबांनी आता नियम केले होते. जड ते खाली आणि मधोमध. वारंवार लागणारं ते हाताशी. मऊ ते वर. आणि जे बांधलेलं नाही ते उडतं. संध्याकाळी चहाच्या वेळी ते हे नियम म्हणून दाखवत. एकदा बाईंनी सहज विचारलं की यांच्यातल्या कशात मी बसते. कप्पेसाहेबांनी प्रश्न गांभीर्याने घेतला. दोन दिवस विचार केला आणि तिसऱ्या दिवशी सांगितलं, "वारंवार लागणारं." बाईंना क्षणभर बरं वाटलं. मग कप्पेसाहेबांनी त्यांचं वजन विचारलं.

पठाराच्या वारीला आठवडा उरला असताना पाण्याची टाकी आली. पाणी म्हणजे जड, आणि जड ते खाली आणि मधोमध. खाली मधोमध म्हणावी अशी जागा जीपमध्ये एकच शिल्लक होती. बाई संध्याकाळी कामावरून आल्या, शेडमध्ये शिरल्या आणि त्यांना आपली सीट दिसली. ती भिंतीवर दोन खुंट्यांना टांगलेली होती. तिच्याभोवती पांढरी रेघ मारलेली होती. रंग ओला होता.

"माझी सीट भिंतीवर का आहे?"

"ती तिची जागा आहे आता," कप्पेसाहेब म्हणाले. "पडणार नाही. मी लोंबकळून पाहिलंय."

"आणि मी?"

याचाही त्यांनी विचार केलेला होता. तू डॉक्टरांच्या गाडीत बस, त्यांच्याकडे मागे सीट आहे. तुझी पिशवी मात्र आपल्याच गाडीत बसते, टाकीच्या बाजूला बरोबर फट आहे, हे त्यांनी अशा सुरात सांगितलं की जणू भेट देतायत.

बाई चिडल्या की आवाज चढवत नाहीत, उतरवतात. शिकाऊ लोक या आवाजाला फार भितात. त्या म्हणाल्या, "गाडी माझ्या नावावर आहे. रविवारी मी या गाडीत बसून पठारावर जाणार. गेले नाही, तर सोमवारपासून ही स्कूलला लावते. नवीन पोरं चालवतील."

कप्पेसाहेबांच्या डोळ्यांसमोर नवीन पोरं आली. क्लच सोडणारी, गचके देणारी, खड्ड्यात घालणारी, आणि प्रत्येक गचक्याला खणांमधून एकेक वस्तू आपल्या आकृतीतून उठून बाहेर येणारी. त्या रात्री ते जेवले नाहीत.

पुढचे दिवस सीटचा शोध चालला. मेहुण्याने टाकीवर बसवायची एक घडीची सीट करून आणली. बाई बसल्या, तर डोकं छताला टेकलं आणि मान छातीवर आली. अशा अवस्थेत खिडकीतून आपल्या गुडघ्यांखेरीज काही दिसत नाही, असं त्यांनी खाली बघतच सांगितलं. मग टाकीच काढायची ठरलं. तेव्हा कळलं की टाकीचे बोल्ट खणांच्या चौकटीखाली गेलेत. चौकट काढायची तर खण काढायचे. खण काढायचे तर माळा उचलायचा. आणि माळा मेहुण्याने स्वतःच्या हाताने वेल्डिंग करून पक्का केलेला, भावोजींनी फार आग्रह केला म्हणून. शनिवारी संध्याकाळी तिघं जीपभोवती फिरत होते. आत सगळं होतं. हातोडी होती, करवत होती, शिवणाचा डबा होता, चिमटे होते, जादा चिमटे होते. माणूस बसेल अशी जागा फक्त एक होती, ती ड्रायव्हरची.

रविवारी सकाळी गल्लीत चार जीपा रांगेत लागल्या. दातांचे डॉक्टर पुढे. गटाचे ते प्रमुख, त्यामुळे शिट्टी त्यांच्या गळ्यात. बाई पिशवी घेऊन बाहेर आल्या आणि जीपच्या दाराशी उभ्या राहिल्या. कप्पेसाहेब त्यांच्याकडे न बघता घाईने ड्रायव्हरच्या बाजूला गेले, दार उघडलं आणि पाय आत टाकला.

दुसरा पाय आत गेला नाही.

ते उंच माणूस. त्यांनी आधी पाय टाकून पाहिला, मग कंबर, मग डोकं. कसेबसे बसले तेव्हा एक गुडघा हनुवटीला लागला, दुसरा दाराबाहेर राहिला आणि स्टिअरिंग पोटात रुतलं. हॉर्न आपोआप वाजायला लागला. डॉक्टरांना वाटलं निघायची घाई झाली आहे, त्यांनी उत्तरादाखल शिट्टी वाजवली.

"सीट मागे घ्या की, भावोजी," मेहुणा म्हणाला.

"जात नाही."

"का?"

"मागे खण आहेत."

हॉर्न चालूच होता. मेहुण्याने त्यांना बाहेर ओढून काढलं तेव्हा थांबला. मग हळूहळू उलगडा झाला. खणांचं माप घेतलं त्या दिवशी ड्रायव्हरची सीट जिथे होती, तिथपर्यंत कप्पेसाहेबांनी माप घेतलं. सीट पार पुढे होती, कारण आदल्या संध्याकाळी गाडी बाईंनी लावली होती. रोजच बाईच लावत. ती मागेपुढे सरकते हे त्यांना माहीत होतं, पण जागेवर असलेली वस्तू हलवून बघायची त्यांना सवय नव्हती. तीन वर्षं खपून त्यांनी एक जीप बांधली होती, जिच्यात फावड्याला जागा होती, जादा फावड्याला जागा होती, आणि ती चालवायला बसू शकेल असं घरात एकच माणूस होतं.

डॉक्टर उतरून आले. त्यांनी गाडीत डोकावून, तोंड उघडलेला रुग्ण पाहावा तसं सगळं पाहिलं आणि सांगितलं की हे आज होण्यातलं नाही, पुढच्या वर्षी बघू. पुढच्या वर्षी हे शब्द बाईंनी ऐकले. त्यांनी पिशवी भावाच्या हातात दिली, ड्रायव्हरच्या सीटवर चढल्या, दार लावलं आणि काच खाली घेतली.

"डॉक्टर, तुम्ही माझ्याकडे शिकलात," त्या म्हणाल्या. "पुढे राहा आणि गिअर वेळेवर टाका."

डॉक्टर आपल्या गाडीकडे गेले.

राहिले कप्पेसाहेब. बाकीच्या जीपा माणसांनी आणि मुलांनी भरलेल्या; डॉक्टरांच्या मागच्या सीटवर मेहुणा मावत होता, कप्पेसाहेबांचे पाय मावत नव्हते. मेहुण्याने मागचं दार उघडलं आणि माळा आणि छत यांच्यामधल्या फटीकडे पाहिलं, मग भावोजींकडे पाहिलं. गाद्या आणि तंबू काढून छतावर बांधले. कप्पेसाहेबांनी फार विरोध केला नाही. त्यांनी फक्त एवढं विचारलं, की डोकं पुढे की पाय पुढे. मग स्वतःच ठरवलं, की डोकं दाराकडे, म्हणजे वारंवार लागणारा भाग हाताशी राहील. ते पालथे आत सरकले. लांबी बरोबर बसली. रुंदीला दोन्हीकडे चार बोटं मोकळी राहिली, तिथे उशा लावल्या.

दार लागणार इतक्यात आतून आवाज आला, की बांधा. मेहुणा म्हणाला काही गरज नाही, हळूच जायचंय. पण जे बांधलेलं नाही ते उडतं. शेवटी त्याने दोन पट्टे आणून भावोजींच्या पाठीवरून आणि मांड्यांवरून घातले आणि खटक्याने आवळले.

"अजून एक," आतून आवाज आला.

मेहुण्याने अजून एक आवळला.

"आता बरोबर," कप्पेसाहेब म्हणाले, आणि त्यांचा आवाज इतका समाधानी होता की मेहुण्याला दार लावताना कसंसंच झालं.

गावाबाहेर पडेपर्यंत बाईंना करमेना. शेजारी कुणी चुकत नव्हतं. पहिल्या वळणावर त्या सवयीने टाकीला "हळू, हळू" म्हणाल्या. दुसऱ्या वळणावर त्यांचा उजवा पाय ब्रेक शोधू लागला आणि मग लक्षात आलं, की या वेळी ब्रेक खरोखरच त्यांचा आहे आणि गाडीही त्यांनी सांगितलं तशीच वळते. टाकी क्लच सोडत नव्हती. टाकी "पण मॅडम, मी आरशात बघितलं होतं" म्हणत नव्हती. नदीपात्र आलं तेव्हा बाईंनी दोन्ही काचा खाली घेतल्या होत्या.

पात्रात डॉक्टरांची गाडी रुतली. गिअर त्यांनी वेळेवर टाकला नव्हता. सगळे उतरले, आणि ओढायचा पट्टा कुणाकडे आहे याची चौकशी झाली. मेहुण्याने जीपचं मागचं दार उघडलं. आत कप्पेसाहेबांचा चेहरा होता, हनुवटी माळ्याच्या कडेवर टेकलेली. त्यांनी डोळ्यांनीच खाली, डावीकडे अशी खूण केली. खण ओढला, पट्टा निघाला. बाईंनी तो डॉक्टरांच्या गाडीला लावून एका दमात गाडी बाहेर काढली. पट्टा चिखलाने माखला होता.

इथे अर्धा तास गेला. ओला पट्टा खणात जाणार नाही, असं कप्पेसाहेबांनी आतून सांगितलं. आधी धुवायचा, मग वाळवायचा, मग गुंडाळी करायची. डॉक्टरांनी समजूत घातली. ते म्हणाले, दोरांचा खण आहे तो, चिखल लागला तर लागला. कप्पेसाहेबांनी त्यांना विचारलं की तुमच्या दवाखान्यात वापरलेली सुई तुम्ही परत कुठे ठेवता. डॉक्टरांनी बाह्या वर केल्या. पट्टा पात्रातल्या पाण्यात धुतला, बॉनेटवर पसरला, आणि पाचसहा मोठी माणसं त्याच्या वाळण्याची वाट बघत दगडांवर बसली. मुलं येऊन कप्पेसाहेबांना बघून जात होती. एकाने त्यांना बिस्कीट भरवलं. शेवटी बाई उठल्या, ओला पट्टा उचलला आणि नवऱ्याच्या हनुवटीखाली कोंबून दार लावून घेतलं.

पठाराची चढण दगडी होती. जीप एका अंगाला कलली, मग दुसऱ्या अंगाला. मागच्या तीन गाड्यांमधून डबे, बाटल्या, चपला, एक बॅडमिंटनची रॅकेट असं काय काय घरंगळल्याचा आवाज येत होता. बाईंच्या जीपमधून चमचासुद्धा वाजला नाही. कप्पेसाहेबही वाजले नाहीत.

वर वारा होता. बाकीचे धावत टोकाकडे गेले. बाईंनी इंजिन बंद केलं, क्षणभर स्टिअरिंगवर हात ठेवून बसल्या आणि मग परत चालू केलं. आरशात बघत, एकदाही न थांबता, त्यांनी जीप मागे मागे घेत पठाराच्या टोकाजवळ नेली आणि दगडाला चाक टेकवून थांबवली. परीक्षेत हे त्या सगळ्यात शेवटी घेत आणि याच्यातच सगळ्यात जास्त पोरं नापास होत. उतरून त्यांनी मागचं दार उघडलं. कप्पेसाहेबांच्या नाकासमोर दोन दऱ्या होत्या.

त्यांनी बराच वेळ पाहिलं.

"मोठी आहे जागा," ते म्हणाले.

बाईंनी शेगडीचा खण बाहेर ओढला, त्याच्यावर बसल्या आणि पाय हलवत त्याही बघत राहिल्या. कप्पेसाहेबांना त्या खणाला किती वजन चालतं ते माहीत होतं. त्यांनी सांगितलं नाही. हे त्यांना किती जड गेलं असेल, ते कारखान्यातल्या कुणालाही विचारावं.

मग ते म्हणाले की येताना मी विचार केला. पडून राहिलं की विचार होतो. माझं चुकलंच. पुढच्या महिन्यात चौकट कापून घेतो, टाकी काढतो, तुझी सीट परत बसवतो. पुढचे खण तोडून ड्रायव्हरची सीट मागे घेतो, मी चालवतो. तू आपली शेजारी बस, ब्रेकबिक काही नाही, खिडकीतून बघत ये. हे बोलताना त्यांचा आवाज दोनदा अडकला. एकदा खण तोडण्यापाशी, आणि एकदा पट्टा गळ्यापाशी आल्यामुळे.

तीन वर्षं बाई हेच ऐकायला थांबल्या होत्या. त्यांनी वळून जीपच्या आत पाहिलं. खण, माळा, टाकी आणि त्यांच्या अगदी मापात असलेली ती पुढची सीट.

"नका तोडू," त्या म्हणाल्या. "इतकं छान बसलंय सगळं."

तीन वर्षांत कप्पेसाहेबांच्या कामाला घरातून कुणी छान म्हटलं नव्हतं. त्यांनी मान वर करून बायकोकडे बघायचा प्रयत्न केला. पट्ट्यामुळे मान वर झाली नाही.

"मग मी कुठे?" त्यांनी विचारलं.

"आहात तिथे. त्रास होतोय का?"

कप्पेसाहेबांनी प्रामाणिकपणे विचार केला. पाय सरळ होते. पाठीला वारा लागत नव्हता. हाताशी सगळं होतं. चढणीला ते तसूभरही सरकले नव्हते.

"नाही," ते म्हणाले.

"मग झालं तर," बाई म्हणाल्या आणि खणावरून उतरून दरीकडे दोन पावलं पुढे गेल्या, नीट दिसावं म्हणून.